पप्पा, मी गेलेच नव्हते

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली, आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कबरीवर फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या, चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत तुमचं नाव वाचायला दिलं. पण बोलले नाही. आज बोलणार आहे, कारण मला राग आलाय आणि तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस तुम्हीच आहात.

झालं असं. मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी विचारलं, सिस्टरांची बदली झाली, तर पहिल्या कम्युनियनच्या, पहिल्यांदाच पवित्र भाकर घेणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण कोण देणार? आपल्या भोरात कॅथलिक घरं ती किती, आणि त्यांत यंदाची मुलं सहा. मी हात वर केला. वेल्ह्याला बारावीच्या पोरांना गणित शिकवते, तर या सहांना प्रभूची प्रार्थना शिकवणं काय जड जाणार होतं?

तर तुमचे जिवलग सायमनकाका उठून उभे राहिले. "फादर, म्या वाईट बोलत न्हाई. पर हिचा बाप मरंस्तवर हिच्यासाठी प्रार्थना करत व्हता, हरवलेलं मेंढरू परत येऊ दे म्हणून. आमी समद्यांनी ऐकलंय. ती परत आली का न्हाई ते आदी कळू द्या. मंग पोरं द्या तिच्या हाती."

फादर नवे आहेत, ते म्हणाले, पुढच्या रविवारी ठरवू. पुढचा रविवार म्हणजे उद्या.

बघा पप्पा, काय करून ठेवलंत! तुमची प्रार्थना तुमच्या मागं राहिली आणि माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. सायमनकाकांवर मी चिडत नाही. त्यांनी ऐकलं तेच ते बोलले. पण तुम्ही त्यांना जे ऐकवलंत ते खरं नव्हतं.

तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, पुण्याहून सुट्टीत आले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला तुम्ही बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक काढलंत, देवानं सहा दिवसांत जग घडवलं ते. मी मध्येच बोलले, "पप्पा, हे दिवस आपल्या कॅलेंडरातले नसणार. आपला तोरणाच साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाचा आहे." तुम्ही बायबल मिटलंत. मला वाटलं, आता वाद घालाल. घातला असतात तर किती बरं झालं असतं! तुम्ही गुडघे टेकलेत आणि मोठ्यानं म्हणालात, "प्रभू, आमच्या घरातलं हरवलेलं मेंढरू परत आण." मी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

त्यानंतर ती प्रार्थना रोजची झाली. मी नोकरीला लागले, गणिताची मॅडम झाले, तरी तुमचं मेंढरू काही परत येईना. मम्मी हळूच आमेन म्हणायची आणि जेवायला बसलं की पहिली भाकरी माझ्या ताटात वाढायची. मीही आमेन म्हणायचे. प्रार्थना कुणाचीही असो, आमेन म्हणावं, हे तुम्हीच शिकवलं होतं ना? स्वतःच्याच हरवण्यावर रोज आमेन म्हणणारी मुलगी भोर तालुक्यात दुसरी नसेल.

लोकांना तुम्ही सांगायचात, "सायन्सच्या नादानं पोरगी हातची गेली." एवढंच ना? मग आता ऐका, मला या नादाला लावलं कुणी.

मी सातवीत होते. तुम्ही पासलीला जमीन मोजायला निघाला होतात आणि शाळेला सुट्टी म्हणून मला बरोबर घेतलंत. दोन भावांचा बांधाचा तंटा होता. त्यातले थोरले सखाराम आबा सकाळपासून एकच सांगत होते, "ह्यो बांध माज्या आज्याच्या येळंपासनं हितंच हाय." तुम्ही त्यांना चहा पाजलात, तिवईवर कोन मोजायची दुर्बीण चढवलीत आणि खाचराच्या तीन कोपऱ्यांवर निशाणाच्या काठ्या रोवल्यात. तुम्ही एकेक कोन वाचायचात, मी वहीत लिहायचे.

मी बेरीज केली. एकशे ऐंशी अंश यायला हवे होते, दोन मिनिटं कमी आली. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातले दोन. मी घाबरून म्हणाले, "पप्पा, त्रिकोण चुकला." तुम्ही हसलात. "चूक आपली असते बाळ, त्रिकोणाची नसते. तिन्ही कोपऱ्यांत वाटून टाक."

सखाराम आबा ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, तुमचं यंत्र चुकतंय, मंग खरा तिरकोन हाय तरी कुठं?"

"आबा, तो रानात बी नाही आन् माझ्या कागदावर बी नाही."

"मंग हाय कशावरनं?"

"हाय म्हणून तर दोन मिनिटं चुकली ते कळलं."

पप्पा, हे तुम्ही बोलला होतात. चिखलात उभं राहून, एका हातात चहाचा पेला आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. तुम्ही बोलून विसरून गेलात आणि पुढच्या गटाकडं चालायला लागलात. मी मात्र त्या वाक्यामागं गेले ती आजतागायत चालतेय. जो कुणी पाहिला नाही, मोजणीच्या कुठल्या साखळीनं मोजला नाही, त्या त्रिकोणाच्या भरवशावर साऱ्या गावाचे बांध ठरतात. मला बारा वर्षांची असताना हे कळलं, आणि मग न दिसणाऱ्या देवावर विश्वास ठेवायला मला कधी जड गेलं नाही. मी हरवले असेन, तर तुमच्याच बोटाला धरून.

पुढं कॉलेजात गेले तशी ही ओढ कमी झाली असेल असं तुम्हाला वाटलं. उलट झालं. वर्गात आम्ही फळ्यावर एक समीकरण सोडवायचो, आणि ते आकाशातल्या ग्रहालाही लागू पडायचं, वरून पडणाऱ्या चिंचेलाही. सरांना त्यात नवल वाटत नव्हतं. मला वाटायचं. हे असं बसायलाच पाहिजे असं कुणी ठरवलं होतं? मैत्रिणी म्हणायच्या, निसर्गाचा नियम आहे. बरं, नियम आहे. पण जग नियमानं का चालावं आणि तो नियम आपल्या एवढ्याशा डोक्यात का मावावा, याचं उत्तर त्या नियमात नाही. मी हॉस्टेलच्या खोलीत त्यावर जपमाळ करायचे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारी मीच होते आणि मी तोंड शिवून बसले होते.

एकदा फक्त प्रयत्न केला. तुम्हाला म्हटलं, हे विश्व एका क्षणापासून पसरत आलंय हे गणितानं मांडणाऱ्या पहिल्या माणसांत एक कॅथलिक फादरच होते. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "असतील. आपल्या मिशनचे नसतील." मम्मी हसली, मीही हसले, आणि विषय तिथंच संपला. तुम्हाला बोलण्यात हरवणं कुणालाच जमलं नाही.

आता मी रोज सकाळच्या एसटीनं नसरापूरवरून वेल्ह्याला जाते. तोरणा समोर आला की त्याच्या कड्यात दगडाचे आडवे पट्टे दिसतात, लाव्हाचे थर, एकावर एक. मी ते बघते आणि मनात तुमच्याशी भांडते. सहा दिवसांत उरकून मोकळा होणारा देव मोठा, की एकेक थर निवू देणारा, कशाची घाई नसलेला? तुम्ही माझ्या देवाला लहान समजलात पप्पा. मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

परवा वर्गात मूळ संख्यांची उजळणी घेत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी, पासलीचीच, हात वर करून म्हणाली, "म्याडम, माणसंच न्हवती तवा सात ही मूळ संख्या व्हती का?" वर्ग हसला. मी हसले नाही. मी म्हटलं, होती. "मोजायला कुनी न्हवतं तरी?" म्हटलं, तरी होती. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही, आणि मी वर्गात त्याचं उत्तर देणारही नव्हते, तो गणिताचा तास होता आणि मुलं वेगवेगळ्या घरांतली आहेत. पण परत येताना गाडीत मला रडू आलं. कुणीच नव्हतं तेव्हा ते सात कुणाच्या मनात होतं? मला माझं उत्तर ठाऊक आहे. मिस्सेत उभं राहून आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो असं म्हणतो, त्याच्या.

आणि हो, हा पुरावा नाही. पुरावा कशाला म्हणतात ते मला तुमच्यापेक्षा आणि सायमनकाकांपेक्षा जास्त कळतं, माझा धंदाच तो आहे.

माझी चूक इथंच झाली, आणि ती माझी एकटीची आहे. "पप्पा, मी गेले नाही" हे चार शब्दांचं वाक्य मी तुम्हाला का सांगितलं नाही? हट्ट होता, तुमचाच. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. मला वाटायचं, आधी सगळं जुळवू, एकही पायरी न गाळता मांडू, मग तुमच्यासमोर ठेवू, म्हणजे तुम्हाला बोलायला जागा राहणार नाही. गणितवाल्यांची खोड. ते कधी पुरं जुळलं नाही. आणि तुम्ही आयुष्यभर दोन मिनिटांची चूक पदरात घेऊन नकाशे पुरे केलेत, त्यावर सही केलीत आणि घरी येऊन शांत झोपलात. माझं अर्धंमुर्धं बोलणंही तुम्ही समजून घेतलं असतंत. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही माझा हात धरून पुन्हा तीच प्रार्थना पुटपुटलात, आणि मी परत आमेन म्हणाले. त्या वेळी नुसतं कानात सांगायचं होतं. याची क्षमा मी पापनिवेदनात मागितली आहे, तुमच्याकडे आज मागते.

पण त्यापलीकडं मी झुकणार नाही, हे पक्कं समजा. मी परत आले असं उद्या कुणासमोर कबूल करणार नाही, कारण परत यायला आधी जावं लागतं. "आता सुधारले" म्हटलं तर वर्ग लगेच मिळेल, हे मला दिसतंय. मम्मीसुद्धा सकाळी म्हणाली, "म्हणून टाक गं, तुझं काय जातंय?" माझं सगळंच जातंय पप्पा. त्या सहा पोरांना मी पहिलंच वाक्य खोटं शिकवू?

तेव्हा वचन देते. उद्या मिस्सा संपली की मी उभी राहीन आणि जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते सायमनकाकांच्या डोळ्यांत बघून सांगेन. वर्ग मिळाला तर दर रविवारी न चुकता घेईन. एखाद्या पोरानं तारे आधी की आदाम आधी असं विचारलं, तर त्याला गप्प बसवणार नाही आणि त्याच्यासाठी गुडघेही टेकणार नाही. त्याच्या शेजारी बसेन आणि मला ठाऊक आहे तेवढं सांगेन. वर्ग नाही मिळाला, तर त्याच बाकावर पुढच्या रविवारीही बसलेली असेन. मला तिथून उठवायचं तर तुम्हालाच यावं लागेल.

तुम्ही जिथं आहात तिथंही माझ्यासाठी प्रार्थना करत असणार, तुमची सवय जाणार नाही. करा, मला हवी आहे. फक्त एवढं करा, माझं नाव हरवलेल्यांत घेऊ नका. उद्या शिकवायला उभी राहणारी म्हणून घ्या.

तुमची, आणि त्याचीही,
मार्था