काजाभाईंचा रोजा आणि माझी राखण

तंजावर,
रमजानचा दुसरा आठवडा

ती. जयलक्ष्मी अक्कास साईरामचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि भावोजी दोन्ही ताळ्यावर असतील, असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन वरलक्ष्मी ऐकते आणि देवनागरी तिला वाचता येत नाही. (बायकोला फक्त तमिळ वाचता येतं याबद्दल आज प्रथमच देवाचे आभार मानले.)

शेजारचे काजा मैदीन भाई तुला ठाऊकच आहेत. माझ्याच शाळेत गणित शिकवायचे, आणि मधुमेहही आम्हा दोघांना बरोबरच जडला. यंदा ते रोजे धरणार म्हणाले, तेव्हा त्यांची राखण मी आपणहून अंगावर घेतली. भाई रमजानच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन आले होते. गोळ्या आणि त्यांच्या वेळा बदलून घेतल्या; दुपारी बोट टोचून साखर बघायची, फार उतरली तर रोजा तिथंच सोडायचा, असं ठरवून आले. टोचल्यानं रोजा मोडतो, असा निवाडा मी दिला (मला कुणी विचारलं नव्हतं). मोडत नाही, असं त्यांच्या मशिदीतल्या हजरतांनी, म्हणजे इमामांनी, सांगितलं. तरी मी रोज दुपारी ओसरीवर बसून भाईंचा चेहरा न्याहाळायचो, आणि संध्याकाळी मशिदीतली नोंबू कंजी, म्हणजे रोजा सोडतानाची पेज, डबा भरून घरी आणायचो.

परवा भाई म्हणाले, "सार, तुमच्या एकादशीला उप्पुमा असतो, डाळीची जाड अडै असते. उपास कुठं असतो?" एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपलं आपण म्हणावं, दुसऱ्यानं म्हटलं की झोंबतं. काल मीही पाण्याचा थेंब न घेता उपास धरला. डॉक्टरला विचारलं नाही. सकाळची गोळी मात्र नेमानं घेतली, कारण औषधाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

दुपारी राखणीला गेलो, तर मला दोन भाई दिसू लागले. हात थरथरायला लागले, बनियन घामानं भिजला. भाईंनी आपल्या यंत्रावर माझं बोट टोचलं, आकडा बघितला आणि साखरेचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. "सार, रोजा माझा आणि चक्कर तुम्हाला?" म्हणाले. त्यांची स्वतःची साखर उत्तम होती. मला रागही आला आणि रडूही.

तुझा धाकटा,
साईराम

ता. क. वरलक्ष्मीला ऊन लागलं असं सांगितलंय. तिनं विचारलं तर तूही ऊनच सांग.

पुन्हा ता. क. अक्का, तूही मधुमेहाची गोळी गिळून निर्जळी एकादशी करतेस. गेल्या खेपेला देवघरात पडलीस ती पाय घसरून नव्हे, तुझ्या मुलानं, हरिप्रसादनं, मला सांगितलं. माझ्यासमोर भाई बसले होते. तुझ्या देवघरात दुपारी कोण असतं? मला भीती वाटते गं. येत्या एकादशीच्या आधी डॉक्टरकडे जा. जाऊन आलीस, तर वरलक्ष्मीला खुशाल खरं सांग.