टाकीला जोडलेल्या सिलिंडरबाबत

रविवार, सायंकाळ

प्रिय धाकट्या यास,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या आरंभी ‘इकडील सर्व कुशल’ असे लिहिण्याची मला सवय आहे. आज ते लिहीत नाही. ते खरे नाही, आणि त्यास काही अंशी तू कारणीभूत आहेस.

गेल्या आठवड्यात तू आपल्या ताईच्या माशांच्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडून गेलास. “झाडांना हा गॅस मिळू दे, मग बघा भाऊजी, टाकीत कसं जंगल होतं ते!” असे म्हणालास. जंगल होण्यापूर्वी काय झाले ते कळवतो. दिवा मालवला की गॅसही बंद करायचा असतो, हे तू सांगितलेच नाहीस. अंधारात झाडे तो घेत नाहीत, तो पाण्यात साठत राहतो. सकाळी पाहतो तो सगळे मासे पाण्यावर तोंडे काढून धापा टाकत होते. दोन दगावले. त्यांतला एक इतरांवर सतत गुरगुरणारा, ज्याला ती ‘हेडमास्तर’ म्हणे. ते नाव कोणावरून ठेवले होते, हे मला ठाऊक नव्हते असे समजू नकोस.

शिवाय जोडणीतून गॅस गळत होता. साबणाचे पाणी लावताच फेस आला. नटाखालचा वॉशर तू येथे टाकून गेलेल्या खोक्यातच राहिला होता. शोभेच्या माशांचे दुकान चालवणाऱ्याला हे शोभत नाही.

आणि जागा! टाकी तिच्या खोलीत आहे, नळी लांब पोचत नाही, हे सर्व मान्य. तरीही तो सिलिंडर तू नेमका त्याच कोपऱ्यात उभा केलास, जेथे तिचा ऑक्सिजनचा सिलिंडर असे.

एवढ्यासाठी फोन पुरला असता. पत्र लिहितो आहे ते दुसऱ्याच कारणासाठी.

पान्याने नट आवळता आवळता तू हसून म्हणालास, “ही ताईचीच ऑर्डर बरं का. म्हणाली होती, ‘मी गेल्यावर यांना चिडायला काहीतरी आणून दे रे, नाहीतर गप्प बसून बसून संपतील.’” तू बोलून मोकळा झालास, चहा पिऊन निघूनही गेलास. मी अजून त्या वाक्यापाशीच आहे.

‘मी गेल्यावर.’ म्हणजे तिला कळले होते, आणि तुलाही. मला मात्र “औषध लागू पडतंय” एवढेच सांगण्यात आले. त्या दिवसांत मी काय करत होतो, आठवते? भिंतींच्या रंगाचे नमुने घेऊन तिच्या पलंगाशी बसत होतो. ती चष्मा लावून निवड करी. “हा नको बाई, दवाखान्यासारखा दिसतो.” तू समोर बसून ते पाहत होतास! कोणत्या अधिकाराने? मला तिच्याशी बोलायचे होते. रंगांविषयी नव्हे.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो आहे. माझ्याविषयीचा एवढा मोठा निर्णय तिने मला वगळून घेतला. आणि तिचा अंदाज अचूक निघाला, हे तर अधिकच झोंबते. मासे धापा टाकताना पाहून मी ती गेल्यानंतर प्रथमच मोठ्याने ओरडलो. बाह्या सरसावून बादल्या उपसल्या, अर्धे पाणी बदलले. शेजारीण घाबरून दार ठोठावू लागली; तिच्यावरही खेकसलो. मग त्या ओल्या फरशीवर बसून बराच वेळ रडलो. त्याआधी रडलो नव्हतो.

सिलिंडर परत नेण्याची आवश्यकता नाही. वॉशर मी बसवला आहे, आणि गॅस रोज माझ्या हाताने बंद करतो.

तू मात्र येत्या रविवारी ये. फोन करू नकोस. फोनवर तू विनोद करतोस. समोर बस, आणि त्या दिवसांत ती तुझ्याशी जे जे बोलली ते सर्व सांग. मला सोसेल की नाही, हे या खेपेस तू ठरवायचे नाहीस.

तुझ्या ताईचा नवरा