कृमींची थंड पेटी

मॅडम, कॉलेज सोडून मी नुसता भटकत होतो, तेव्हा तुम्ही मला प्रयोगशाळेत बशा भरायला ठेवलंत. त्या बशांमधले मिलिमीटरभर गोलकृमी तुम्ही दाखवायचात आणि मी खिडकीतून टपरीवर कोण आलंय ते बघायचो. "इकडे बघ, चहा कुठे पळून जात नाही," तुम्ही म्हणायचात. मग पेन्सिलीला दोरा गुंडाळून सांगायचात, की एका पेशीच्या दोन होताना डीएनएचे धागे गुंततात. एक एन्झाइम धागा कापतं, दुसऱ्याला त्यातून जाऊ देतं आणि कापलेलं परत जोडतं. तुमच्या कृमींमधलं ते एन्झाइम बिघडलेलं. थंडाव्यात कसंबसं चालायचं, उकाड्यात बंद पडायचं, आणि अंड्यातला जीव वाढायचाच थांबायचा.

मग मला कॉल सेंटर मिळालं. गळ्यात कार्ड, न्यायला गाडी. संध्याकाळी स्वारगेटला नव्या मित्रांबरोबर मी उभा आहे. तिथे एक रसवंती होती, रसवाला आलं ठेचून घालायचा, पण ते राहू दे. तुम्ही बसमधून उतरताय, छातीशी बर्फाची पेटी. प्रयोगशाळेतली वीज गेलीय, बर्फ वितळत आलाय, कृमी बिबवेवाडीला घरी न्यायचेत. "अरे, जरा धर ही, रिक्षा बघते." मित्र विचारतो, "कौन है?" मी म्हणतो, "पडोस की आंटी." हात खिशातच. तुम्ही ऐकलंत. "हो, शेजारीणच. तुमची गाडी चुकेल, चालू द्या तुमचं." मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलंत. आमची गाडी निघाली तेव्हा एकही रिक्षा थांबत नव्हती, आणि तुम्ही पेटी घेऊन तशाच उभ्या.

रविवारी प्रयोगशाळेत माफी मागायला आलो. तुम्ही सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवलात. अंडी जागच्या जागी अडकलेली, दोन पेशींच्या मध्ये एक ताणलेला धागा. "घरी पोचेस्तोवर गरम झाली पेटी," तुम्ही म्हणालात. "आता कळलं ना, ते एन्झाइम काय करतं?" मी मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल काहीतरी बोलत बसलो. पुढे तुम्ही गेलात ते मला कुणाकडून तरी कळलं, शिफ्टच्या मधल्या सुट्टीत.

हे पत्र बॅगेतच राहणार, टाकायचं तरी कुठे. परवा ऑफिसात एका मुलीला पेन्सिलीला दोरा गुंडाळून तेच सांगत होतो. तिला आवडलं. म्हणाली, "कोणी शिकवलं रे?"

मी म्हणालो, शेजारी एक बाई राहायच्या.