बातमीनंतरची गाडी

७ सप्टेंबर १९९८

पोलादपूरच्या शाळेचे फाटक बंद. आत प्रार्थना चालू. बाहेर चार मुली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. निघालो होतो खड्ड्यांची बातमी घ्यायला, तिथेच थांबलो.

नवा नियम – घंटा झाली की फाटक लावायचे. मागून येणाऱ्यांना मधल्या सुट्टीत आत घेतात, शिकवतातही. पण हजेरी नाही! हेडमास्तर माणूस वाईट नाही. म्हणाले, पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर दहावीचा फॉर्म बोर्डाकडे पाठवता येत नाही. आणि एकीला सूट दिली तर उद्या गावातलीही उशिरा येतील.

मुली कुडपणकडच्या. डोंगर उतरून फाट्यावर यायचे, तिथून सकाळची एसटी. त्यातली मोठी गौतमी, दहावीत. "काका, गाडीच लेट येते. आमी काय करायचं? पेपरात लिवा ना." तिचा बाप नाथू, म्हशी राखतो. त्याने सांगून ठेवले आहे – फॉर्म गेला तर परीक्षा, नाही तर दिवाळीनंतर मुंबई, मामाची पोरं सांभाळायला. हे तिने हसत सांगितले. मला ते हसणे बघवले नाही.

८ सप्टेंबर

बातमी लिहिली – 'एसटीच्या दिरंगाईने विद्यार्थिनी वर्गाबाहेर'. डेपोला फोन केला. "बघतो" म्हणाले, तेही घातले. बायकोने, रुकय्याने, चहा देताना विचारले, ड्रायवरला विचारलंत का, गाडी कशाने रखडते? म्हटले, डेपोला विचारले ना, ड्रायवर वेगळे काय सांगणार!

बातमीचे पाकीट मुलींच्या त्याच गाडीने पुढे महाडला धाडले. तिथून रात्रीच्या गाडीने पेपरच्या कचेरीत. नेहमीसारखा मी स्टँडवर धापा टाकत पोचलो, नेहमीसारखा श्रीपत ड्रायवर इंजिन चालू ठेवून थांबला होता. "या भाई. आज भारी बातमी दिसते, पळालात जास्त." बातमीत त्याचे नाव घातलेले नाही. पाकीट त्यानेच हात लांब करून घेतले.

१२ सप्टेंबर

छापून आली. पहिले पान, चौकटीत! हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली म्हणे.

१६ सप्टेंबर

गाडी वेळेवर. कालही होती.

२१ सप्टेंबर

'बातमीचा परिणाम' म्हणून चार ओळी पाठवल्या. डेपोचा साहेब फोनवर म्हणाला, ड्रायवरला मेमो दिला, दासगावच्या फेरीवर टाकला, आता घड्याळ लावून घ्या आमच्या गाडीवर. श्रीपतचे वाईट वाटले. पण पोरींचे वर्ष महत्त्वाचे – अशी मनाची समजूत घातली. नवा ड्रायवर पाकिटासाठी थांबत नाही. आता मी आधीच जाऊन उभा राहतो.

५ ऑक्टोबर

शाळेत सहज डोकावलो. गौतमी भेटली तर फॉर्मचे विचारावे, एवढेच मनात. हेडमास्तर म्हणाले, डोंगरावरच्या मुली हल्ली येतच नाहीत. "तुमच्या बातमीच्या आधी उशिरा का होईना, यायच्या."

डोके चालेना. गाडी तर वेळेवर आहे!

६ ऑक्टोबर

सकाळीच फाट्यावर गेलो. सगुणाबाई भेटली, गौतमीची आई, दुधाची किटली घेऊन उतरली होती. मी पेपरवाला हे कळल्यावर तिने किटली खाली ठेवली. मग हळूहळू सगळे सांगितले.

पोरी उजाडल्यावरच निघायच्या. धुके असते, रान आहे, त्याआधी कोण सोडणार. गाडी फाट्यावर येऊन बराच वेळ झाला की मग श्रीपत हॉर्न द्यायचा. वरून पोरी कुकारा घालायच्या. मग तो खाली उतरून बिडी ओढत उभा राहायचा. शेवटची पोर रस्त्याला लागल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. प्रवासी कुरकुरायचे. तो म्हणायचा, तुमच्या पोरी असत्या तर?

उशीर तो हाच. पोरींना वाटायचे, गाडी आता आली. हॉर्न ऐकूनच त्या धावत सुटायच्या, तो कधीपासून उभा आहे हे त्यांना काय ठाऊक!

"आता नवीन मानूस हाय. तो हॉर्न नाय देत. टायमावर येतो, टायमावर जातो. पोरी उतारावरनं गाडी जाताना बगतात." आणि मग, अजिबात न चिडता – "तुमीच लिवलंत ना ते?"

हो म्हटले. दुसरे काय म्हणणार.

९ ऑक्टोबर

महाडच्या स्टँडवर श्रीपतला गाठले. म्हटले, निदान मला तरी सांगायचेस. तो म्हणाला, "सांगून काय, भाई? पोरींसाठी गाडी थांबवतो असं छापलं असतंत तर मेमो आधीच आला असता. आणि तुमच्या पाकिटाला थांबायचो, ते कुठं कुणाला सांगितलं?"

त्याने चहा पाजला. पैसे देऊ दिले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

१३ ऑक्टोबर

डेपोत गेलो. गाडीची वेळ थोडी पुढे न्या म्हटले. साहेबाने माझेच कात्रण काढून पुढ्यात ठेवले. "वेळ पाळा म्हणता, आता पाळू नका म्हणता. एकदा ठरवा." बाकीचे हसले. मीही हसलो असेन.

संपादकांना फोन केला. गाडीवर दोनदा आलंय, आता दुसरं काही द्या, म्हणाले. दिले. बाजारसमितीची सभा. वेळेत.

१५ ऑक्टोबर

हेडमास्तरांपुढे सगळे मांडले. त्यांनी हजेरीपट उघडून दिवस मोजले. मग म्हणाले, दिवाळीनंतर पहिल्या दिवसापासून रोज येऊ दे. हजेरीत सूट मागतो बोर्डाकडे, फॉर्म विलंब शुल्काने पाठवतो. फाटकाचे मी बघतो.

नाथूला दूधवाल्याकडून निरोप धाडला. उलट निरोप – बघू.

२८ ऑक्टोबर

काही लिहावेसे वाटत नाही. रोज लिहितो. पाने भरतात.

९ नोव्हेंबर

शाळा उघडली. घंटेआधीच फाटकाशी उभा राहिलो, खिशात पाकीट. गाडी समोर येऊन थांबली. खिडकीत गौतमी! जीव भांड्यात पडला. बाकीचे उतरले, ती उतरली नाही. मांडीवर गाठोडे होते. काल खाली फाट्यावरच आत्याकडे येऊन राहिली म्हणाली, गाडी चुकू नये म्हणून. महाडहून मुंबईची धरायची होती. खिडकीतून हात पुढे केला –

"द्या काका पाकीट. महाडला देते मी."

दिले. गाडी वेळेवर सुटली.