विमानाची बॅटरी आणि तुझा मिक्सर

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मी मजेत आहे.

आमच्या वर्कशॉपमधल्या छोट्या विमानाची बॅटरी चार्जच होत नव्हती. साहेबांनी नवी बॅटरी बसवली, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही नवा बसवला, तरी चार्जिंगचा काटा ढिम्म हलेना. शेवटी मला आपला मिक्सर आठवला. तो बंद पडला की बाबा मोटर उघडून बसतात आणि तू गुपचूप वायर हलवून बघतेस. मीही हलवली. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरचं टोक गंजून सैल झालं होतं! घासून आवळलं, तर काटा टुणकन वर.

पण इथला नियम असा, की ज्याने दुरुस्त केलं त्यानेच पहिल्या फेरीला विमानात बसायचं. घाबरू नकोस. वीज गेली तरी इंजिन चालू राहतं, फक्त रेडिओ बंद पडतो.

वर जाताना पायलटने विचारलं, "नक्की झालंय ना?" मी म्हटलं, "हो तर!" तुला फोनवर "जेवलो" म्हणतो ना, अगदी त्याच आवाजात.

काटा शेवटपर्यंत वरच राहिला. माझा जीव मात्र खाली उतरल्यावरच भांड्यात पडला.

बाबांना मिक्सरपासून लांब ठेव.

तुझा,
आज खरंच जेवलेला धाकटा