आत्याचं शेवटचं वाक्य

महाड, गुरुवार संध्याकाळ

घराण्याचा इतिहास लिहायला कॉम्प्युटर घ्यायचा, म्हणून डोंबिवलीच्या विद्वान पुतण्याला सोबत नेलं. चूक झाली. त्याने निवडलं ते धूड. आत लाल-निळे दिवे, वर पंखे. चालू केलं तर कशेडी घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकसारखं घरघरायला लागलं. इंजिन ऐकून गाड्या घेणारा माणूस मी! मोबाईलवर भरलेलं आत्याचं बोलणं त्यावर लावलं. आत्या गेली, आवाज तेवढा उरलाय, तोही पुटपुटता. पंख्यांनी गिळलाच.

"काका, तिचं काय ऐकताय? आडनाव टाका, मशीन घराण्यातले सरदार शोधून देईल."

दुकानदार मान डोलावतोय. यांचे सरदार त्या पंख्यांतच राहत असावेत.

कोपऱ्यातला छोटा, मुका डबा घेतला. दुकानदार पुतण्याच्या कानाशी, "म्हातारा चिक्कू हाय." ऐकलं मी. पंखे नव्हते ना!

घरी स्पीकर जोडून लावला. मोबाईलवर कधीच न कळलेलं आत्याचं शेवटचं वाक्य आज कळलं. "तुजा आजा आंबेनळीच्या रस्त्याला खडी फोडायचा रे. डोळा देवीनं नाय गेला. खडी उडाली."

आणि आम्ही आजोबांच्या डोळ्यासाठी जन्मभर देवीच्या रोगाला बोल लावला.

पुतण्या म्हणतो, खडीचं वगळू या, बरं नाही दिसत. त्याच रस्त्याने हा महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो!

पहिलंच वाक्य खडीचं लिहिलं. सरदार सापडले, तर त्यांच्याही हातात हातोडा देऊ.