पितळेची पिन

मंजूबाई,

भाऊजीची बोटीची मोटर तयार झाली. नागपूरचं गिऱ्हाईक रविवारी येते. असं जुनं मशीन आता भेटत नाई म्हणते. रंगाले हात लावू नको, आतला सामान मूळचाच पाह्यजे. म्हणून मी पंखा खोलला.

पंख्यात पितळेची पिन राह्यते. जाळं गुंतलं का पिन तुटते अन् पंखा थांबते. भाऊजीची घडीघडी तुटे. "न तुटणारं काहीतरी बसव ना बे," म्हणत. मी लोखंडी खिळा कापून बसवून देल्ला. खुश होऊन गेलते.

त्याच आठवड्यात बोर धरणात जाळं पंख्यात गेलं. जाळ्याची दोरी भाऊजीच्या मनगटाले गुंडाळली होती. पंखा थांबला नाई, त्याइले ओढतच गेला. हिंगणीत सगळे म्हणतात, तोल जाऊन बुडाले. मीबी तेच म्हणलं.

खिळा वाकलासुद्धा नाई, बाई. आज तिथं पितळेची पिन टाकली. हे चिठ्ठी अन् तो खिळा माह्या पाने-पेचकसाच्या पेटीतच राहतीन.

दुपारी तू डबा आणला अन् म्हणाली, "त्याइचा तुयाच हातावर भरोसा होता."

मी मान हलवली अन् जेवलो.

तुया लहान भाऊ,
रत्नदीप